भट्टीचा डोळा

कारखान्यात मला टकटक म्हणतात. मागे म्हणायचे तेव्हा राग यायचा. मग एकदा खुद्द मालकांनीच चारचौघांत "टकटकबाईंना बोलवा" म्हटलं, तेव्हापासून मी मनावर घेणं सोडून दिलं. नाहीतरी माझं काम तेच आहे. भट्टीतून निघालेलं प्रत्येक बेसिन आणि प्रत्येक कमोड माझ्या टेबलावर येतं, मी लाकडी हातोडीनं ते तीन ठिकाणी ठोकते आणि ऐकते. चांगलं भांडं खणखणीत वाजतं. आत चीर असेल तर 'थप' असा बसका आवाज येतो, जणू भांड्याला सर्दी झालीय. ही चीर झिलईखाली दडलेली असते, डोळ्यांना दिसत नाही. मी ऐकली नाही तर वर्षभरानं ती कोणाच्या तरी न्हाणीघरात फुटून पाणी पाझरायला लागतं.

लोक हसतात. कमोड वाजवून बघणं हे काय काम झालं, म्हणतात. हसू देत. अकरा वर्षांत माझ्या हातून गेलेलं एकही भांडं परत आलेलं नाही, आणि हे मी कोणालाही छातीठोकपणे सांगेन.

हसणाऱ्यांत पहिला नंबर आमच्या मामंजींचा. माझे सासरे म्हणजे कारखान्याचे भट्टीवाले. चाळीस वर्षं भट्टी त्यांनीच भाजली, आणि तीही डोळ्यांनी. भट्टीच्या भिंतीला मुठीएवढं भोक असतं, त्याला डोळा म्हणतात. त्यात भाजक्या मातीचं निमुळतं बूच बसवलेलं असतं. मामंजी दर अर्ध्या तासानं ते बूच खर्रकन ओढायचे, निळी काच डोळ्यापुढे धरायचे आणि आत बघायचे. आतला रंग लाल आहे की नारिंगी की पिवळा, यावरून किती तापलंय ते सांगायचे, आणि त्यांचा अंदाज मीटरपेक्षा सरस निघायचा. पेटवल्यापासून पार थंड होईपर्यंत त्यांनी एक फेरी कधी चुकवली नाही. लग्न होऊन मी या घरात आले आणि हातोडी हातात घेतली, तेव्हा ते म्हणाले होते, "भट्टी डोळ्यांनी भाजायची असते, सूनबाई. ठोकून काय, कलिंगडही बघतात."

भट्टीची एक वही आहे. तारीख, किती माल, कोणी भाजली, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. मामंजींचा शेरा ठरलेला असायचा, 'ठीक'. माल बिघडला तर 'गॅस कमी', 'वारा फार', 'माती ओली'. चाळीस वर्षांत चूक कधी गॅसची झाली, कधी वाऱ्याची, कधी मातीची. त्यांची एकदाही नाही. नाकावर माशी बसू न देणं म्हणजे काय, ते ती वही वाचली की कळतं.

तर या माणसाच्या भट्टीतला गॅसच गेला.

झालं असं की लहान मुलांच्या शाळांसाठी छोट्या कमोडांचं मोठं काम आलं. गुडघ्याएवढी, गोल पोटाची, बघताच हसू येईल अशी कमोडं. त्या लोकांची अट एकच होती, काहीही न जाळता भाजलेला माल हवा. मालकांनी खूप विचार केला आणि विजेची भट्टी घ्यायचं ठरवलं. कारखान्याच्या सगळ्या छपरावर सोलर पॅनेल बसली, मागच्या टेकडीवरच्या पवनचक्क्यांची वीज घ्यायचा करार झाला, आणि हे सगळं जुळवायला एक इंजिनीअर मुलगी आली. तिला आम्ही पहिल्याच दिवशी वीजबाई करून टाकलं. अंगानं काडी, पण कामाला वाघीण. साच्यातून निघालेला कच्चा माल तुटला तर तो पुन्हा पाण्यात कालवून वापरायचा, हे आम्ही आधीही करत होतो. तिनं भाजलेला फुटका मालही दळून नव्या मातीत मिसळायला लावला. धुण्याचं पाणी निवळून पुन्हा धुण्याला. माझा नवरा साच्यांवर काम करतो. तो म्हणाला, "ही बाई आपला घामसुद्धा वाया जाऊ देणार नाही."

मला मात्र ती भट्टी मनापासून आवडली. जुन्या भट्टीजवळ उभं राहिलं की भुवया होरपळायच्या. मामंजींच्या दोन्ही डोळ्यांवर त्या उजेडानं पडदा आला होता, एकाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं ते टाळत होते. नव्या भट्टीला ना धूर, ना भडका. सकाळी ऊन चढायला लागलं की हळूहळू तापायला सुरुवात व्हायची, दुपारी पॅनेल रसरसली की भट्टीही जोरात, आणि ऊन उतरायच्या आत भाजणं संपवून भट्टी बंद. मग दुसऱ्या दुपारपर्यंत ती आपोआप निवायची. उन्हावर वाळवण घालतात तशी आम्ही कमोडं भाजत होतो. याचा मला अभिमान वाटायचा, अजूनही वाटतो.

वीजबाईंना त्या भट्टीला डोळा ठेवायचाच नव्हता. "काका, आत बघायला ज्वाळाच नाहीये," ती म्हणाली.

"डोळा नसलेली भट्टी मी भाजणार नाही," मामंजी म्हणाले. मालकांनी मध्ये पडून डोळा ठेवायला लावला. मामंजींनी जुन्या भट्टीचं बूच आणून त्यात बसवलं, ते नेमकं बसलं, आणि दोन दिवस ते त्याच खुशीत होते.

पहिल्या भाजणीत चौऱ्याऐंशी कमोडं निघाली. मी ठोकायला लागले. खण, खण, खण, थप. खण, थप. एकोणीस गेली. जुन्या भट्टीत चार गेली तरी मामंजी दिवसभर कोणाशी बोलायचे नाहीत. वहीत त्यांनी शेरा लिहिला, 'कॉइल कमजोर'. भट्टीच्या डोळ्याकडच्या बाजूच्या कॉइल नीट तापत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. वीजबाईंनी त्या बाजूच्या सगळ्या कॉइल उतरवल्या, तपासल्या, तीन बदलल्या. दुसऱ्या भाजणीत एकवीस गेली. शेरा तोच.

मालक तोंडानं गोड माणूस, पण त्या दिवशी त्यांनी वीजबाईंना सगळ्यांसमोर सुनावलं. "परवा तिसरी भाजणी. पाचाच्या वर माल फुटला तर या भट्टीला गॅसचे बर्नर बसवायचे आणि शाळांचं काम परत करायचं. मग तुमचंही इथं काही काम राहणार नाही."

त्या पोरीकडे भट्टीच्या तापमानाच्या आलेखांचा गठ्ठा होता. तो तिनं छातीशी धरला आणि निघून गेली. संध्याकाळी हात धुवायला गेले तर नळापाशी तीच उभी. म्हणाली, "ताई, आलेखात कुठंच काही दिसत नाही हो. मी काय दुरुस्त करू?"

मला रागच आला. तिचा नव्हे, त्या फुटक्या मालाचा. माझा कान फुटलेलं भांडं सांगतो, पण ते का फुटलं हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. प्रत्येक भांड्याच्या बुडाशी पेन्सिलीनं त्याची भट्टीतली जागा लिहिलेली असते, कितवी रांग, कितवं घर. फुटका माल दळायला जायचा होता, अजून मागच्या अंगणात ढिगात पडला होता. मी पदर खोचला आणि दोन्ही भाजण्यांची ती चाळीस कमोडं बुडाचे आकडे वाचून भट्टीत जशी होती तशी जमिनीवर मांडली. पाठ मोडून आली. पहारेकऱ्यानं विचारलं, "शाळा भरवताय का?"

मांडून झाल्यावर मी मागे सरून बघितलं. पाच-सहा सोडली तर बाकी सगळी एका पट्ट्यात होती. अरुंद, सरळ पट्टा, भट्टीच्या एका भिंतीपासून आत जाणारा. कॉइल तर भिंतभर असतात, त्यांच्या दोषानं असा पट्टा पडत नाही. आणि हा पट्टा जिथून सुरू होत होता तिथं भिंतीत एकच गोष्ट होती, डोळा.

मग मला आवाज आठवला. खर्र. दोन्ही भाजण्यांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, भट्टी निवत असताना, माझ्या टेबलामागच्या भिंतीपलीकडून बूच ओढल्याचा आवाज आला होता. आणि परत बसवल्याचा आवाज यायला फार वेळ लागला होता. अकरा वर्षं रोज ऐकलेला आवाज, त्यामुळे तो मला ऐकूच येईनासा झाला होता. कानाची एवढी फुशारकी मारणारी मी, आणि नाकासमोरचं ऐकलं नाही.

सगळं उलगडलं. जुन्या भट्टीत ज्वाळा थेट मालावर येऊ नये म्हणून डोळ्याच्या आत विटांची आडभिंत होती. बूच उघडलं तरी बाहेरची गार हवा त्या विटांवर आपटायची. नव्या भट्टीत ज्वाळाच नाही, म्हणून आडभिंतही नाही. गार झोत थेट मालावर. आणि निवताना एक वेळ फार नाजूक असते, नेमका आतला लाल रंग विझतो तेव्हाची. त्या वेळी भांडं जराशा गार वाऱ्यानंही आतून तडकतं. मामंजींना तोच विझता रंग बघायचा असायचा, आणि पडदा आलेल्या डोळ्यांना तो लवकर दिसत नसणार. म्हणून बूच हातात धरून ते बघतच राहत असणार.

घरी गेले. मामंजी जेवत होते. "वीज ती वीज," ते म्हणत होते, "तिला काय माहीत मातीची माया." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, काहीतरी बिनसलंय हे त्यांना चटकन कळतं. भांडी घासताना मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जित्याची खोड गं. झोपेतसुद्धा उठून बघायला जातात, पाण्याचं भांडं उघडून झाकतात." मग थांबून म्हणाल्या, "सांगशील कशी?"

तोच तर प्रश्न होता. आपलेच दात, आपलेच ओठ. सांगितलं तर चाळीस वर्षांचं नाव एका दिवसात मातीत, आणि तेही सुनेच्या तोंडून. न सांगितलं तर ती पोरगी बोल खाऊन जाणार, छपरावरची सगळी पॅनेल नुसती ऊन खात बसणार, आणि मामंजी पुन्हा त्या भडक्यापुढे उभे राहून दुसराही डोळा घालवणार. मला झोप लागली नाही. पण सकाळी उठले तेव्हा एवढं ठरलं होतं की मालकांना सांगायचं नाही. ज्याची चूक त्यालाच सांगायचं.

"मामंजी, जरा अंगणात या," मी म्हटलं.

आले. त्या मांडलेल्या कमोडांकडे बघून म्हणाले, "हे काय मांडलंयस?" मी हातोडी त्यांच्या हातात दिली. अकरा वर्षांत त्यांनी ती कधी हातात धरली नव्हती.

"कलिंगडं बघायची आहेत," मी म्हटलं. "या टोकापासून सुरुवात करा."

ते चिडले असते, पण माझा चेहरा बघून पुढे झाले. पहिलं ठोकलं. थप. दुसरं. थप. वाकून वाकून ते एकेक ठोकत पुढे गेले, थप, थप, थप. अर्ध्यात आल्यावर त्यांचा हात हळू झाला. मग त्यांनी बुडाचे दोन-तीन आकडे वाचले, भांडं डोळ्याच्या अगदी जवळ नेऊन. शेवटचं ठोकून ते ताठ उभे राहिले आणि त्यांची बोटं आपोआप हवेत वळली, बूच धरल्यासारखी. त्यांना कळलं हे मला त्या बोटांवरून कळलं.

"किती दिवसांपासून माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"काल संध्याकाळपासून."

"मालकांना?"

"नाही. घरात फक्त सासूबाईंना."

त्यांनी हातोडी परत दिली आणि निघून गेले. दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. रात्रीही नाही. मला वाटलं, झालं, धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं अशी गत झाली आपली.

तिसऱ्या भाजणीच्या सकाळी रुळांवरून भट्टीत जाणारी गाडी भरून झाली, चौऱ्याऐंशी कमोडं आत गेली, दार लागलं. मालक आले होते. वीजबाई भट्टीचं बटण दाबायला पुढे झाली, तेवढ्यात मामंजी म्हणाले, "थांब पोरी."

त्यांच्या हातात घमेलं होतं, त्यात भट्टीची माती कालवलेली. सगळे बघत होते. मामंजींनी डोळ्यातलं बूच काढलं, खिशात टाकलं, भोकात वीट ठोकून बसवली आणि वरून मातीनं लिंपायला लागले. लिंपता लिंपता, मागे न वळता बोलले. "कॉइल बिइल काही कमजोर नाही. दोन्ही वेळचा माल मी फोडला. निवताना डोळा उघडा ठेवला, गार हवा लागली. या पोरीला बोल लावू नका."

मालकांनी घसा साफ केला. वीजबाई म्हणाली, "काका, चूक माझीही आहे. आडभिंत का होती, हे मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"मग आता विचारत जा," मामंजी म्हणाले, आणि हात पुसून बाजूला झाले. मी तिथंच उभी होते. या माणसानं चाळीस वर्षं वाऱ्याला दोष दिला होता, आणि आज पन्नास माणसांसमोर, कोणी न विचारता, स्वतःच्या हातानं स्वतःचा डोळा बुजवला होता. हे माझे सासरे आहेत, असं ओरडून सांगावंसं वाटलं. ओरडले नाही. माझ्या टेबलाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला बसले तर मामंजी माझ्या टेबलापुढे स्टूल घेऊन हजर. खिशातून बूच काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. "हे तुझ्याकडे ठेव. मी मागितलं तरी देऊ नकोस."

"भोक तर बुजवलंय," मी म्हटलं. "बूच घेऊन करणार काय?"

"हातात धरलं की पाय तिकडे वळतात."

नऊ वाजता त्यांनी मागितलं. मी दिलं नाही. साडेनऊला पुन्हा मागितलं. मी ते खणात टाकून कुलूप लावलं. मग त्यांना काय करावं सुचेना, म्हणून मी जुन्या भट्टीची उरलेली बेसिनं ठोकत होते ते ऐकत बसले. बराच वेळ ऐकून म्हणाले, "त्या कडेचा आवाज वेगळा का येतो?"

"तिथं माती जाड असते."

"असं," ते म्हणाले. अकरा वर्षांत त्यांनी मला कामाबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न.

दुपारी दार उघडलं. गाडी बाहेर आली, ऊबदार, पांढरीशुभ्र. पन्नास माणसं काम टाकून माझ्या टेबलाभोवती जमली. मालक एका बाजूला, वीजबाई दुसऱ्या. तिनं दोन्ही हात खिशात घातले होते. मामंजी माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलं असावं.

मी ठोकायला लागले. खण. खण. खण. कारखान्यात एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. माझा प्रत्येक ठोका पार छपरापर्यंत जात होता. भट्टीच्या डोळ्यासमोरच्या रांगेतली भांडी आली, पट्ट्यातली. खण. खण. तिसाव्याला आवाज बसला आणि मी हातोडी उचलायच्या आत पाठमोरे मामंजी म्हणाले, "हे गेलं."

"तीन ठिकाणी ठोकल्याशिवाय मी निकाल देत नाही," मी म्हटलं. हशा पिकला. तीन ठिकाणी ठोकलं, गेलंच होतं. ते पट्ट्यातलं नव्हतं, पार दुसऱ्या कोपऱ्यातलं, साच्यातून काढतानाच दुखावलेलं. नवऱ्यानं मान खाली घातली. पुढे अजून एक गेलं. चौऱ्याऐंशीत दोन. जुन्या भट्टीनंही असा माल क्वचितच दिला होता.

मालकांनी वीजबाईंशी हात मिळवला आणि तो सोडायला विसरले. ती रडत होती आणि हसत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ते शेवटचं छोटं कमोड दोन्ही हातांनी उचलून उन्हात धरलं. याला भाजायला काहीही जाळलं नव्हतं, नुसतं ऊन आणि टेकडीवरचा वारा. आणि ते कसं आहे हे मी सांगितलं होतं, माझ्या कानानं.

गर्दी पांगली तेव्हा मामंजी दिसले नाहीत. वही मात्र माझ्या टेबलावर उघडी होती. आधीच्या दोन्ही भाजण्यांपुढचं 'कॉइल कमजोर' त्यांनी खोडलं होतं आणि वर लिहिलं होतं, 'डोळा उघडा ठेवला. चूक माझी.' खाली आजची तारीख, चौऱ्याऐंशी, दोन गेली, भट्टीवाल्याची सही. आणि शेऱ्याच्या रकान्यात, जिथं माल चांगला निघाला की आजवर फक्त 'ठीक' असायचं, तिथं मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत:

'आज पाहिलं नाही. सुनेनं ऐकलं.'